दोन-चारची बांगडी

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबर २०२३ ला, मी कासाराकडे बांगड्या भरायला गेले. आमच्याकडे विदर्भात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या घरी यायच्या आधी हात भरलेले हवेत हा सासूबाईंचा दंडक. डावा हात झटकन झाला. हिरव्या, दोन-चारच्या, डझनभर. मग कासारदादांनी उजवा हात घेतला, अंगठा मुडपला, पंजा दाबला. बांगडी अडली. पुन्हा दाबून पाहिला आणि हात सोडून म्हणाले, "मॅडम, याले दोन-सहा लागते. सूज येऊन राहिली हातावर."

वीस वर्षं ते माझे हात भरतात, त्यांना मोजपट्टी लागत नाही. मी हसून म्हटलं, भरा मग दोन-सहा. घरी येऊन पुरणाच्या तयारीला लागले.

त्या दिवसापासून हातावर पहिली नीट पट्टी बांधली जाईपर्यंत जवळजवळ चार महिने गेले, आणि त्यातले निदान तीन फुकट गेले. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हाताला येणाऱ्या या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात. कोणाचे तरी ते महिने वाचावेत म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय तेव्हा ४९.

आधीचं थोडक्यात. जून २०२२ मध्ये उजव्या बाजूला गाठ लागली. ऑगस्टमध्ये नागपूरला ऑपरेशन झालं, स्तन काढला आणि काखेतल्या १७ ग्रंथी काढल्या. त्यांपैकी ३ मध्ये रोग पोचला होता. आठ केमो फेब्रुवारी २०२३ अखेर संपल्या, एप्रिलमध्ये छातीवर आणि गळ्याच्या हाडाच्या वरच्या भागावर रेडिएशन झालं. जूनच्या शेवटी शाळा उघडली (आमच्याकडे उन्हामुळे उशिरा उघडते), तेव्हा बोटभर केस घेऊन हजर झाले. सगळे म्हणाले, सुटलीस. मलाही तसंच वाटलं.

म्हणजे बांगडी अडली तेव्हा ऑपरेशनला तेरा महिने झाले होते. मी मनात ठरवून टाकलं होतं की हाताचं जे व्हायचं ते ऑपरेशननंतर लगेच होतं. ते खरं नाही. महिन्यांनी होतं, काही जणींना कित्येक वर्षांनी होतं.

आता मागे वळून पाहिलं की खुणा आधीपासून होत्या. जुलैपासूनच ब्लाउजची उजवी बाही संध्याकाळी काचायची, दंडावर शिवणीचा वळ उमटायचा. फळ्यावर लिहून झालं की हात जड वाटायचा. दुखत नव्हता, नुसता जड, भिजलेली सतरंजी खांद्यावर टाकल्यासारखा. सकाळी पुन्हा बरा असायचा, म्हणून मी गप्प. शिंप्याला उजवी बाही सैल करायला सांगितली आणि विसरले.

सप्टेंबर संपताना गावातल्या एका दवाखान्यात दाखवलं. त्यांनी लघवी जास्त होण्याची गोळी दिली, दहा दिवस. सूज म्हणजे पाणी, पाणी काढून टाका, असा हिशेब. दहा दिवसांत घशाला कोरड पडली आणि तास चालू असताना दोनदा वर्ग सोडून जावं लागलं. हात होता तसाच. नंतर मला फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावलं की या सुजेत पाण्याबरोबर प्रथिनं अडकलेली असतात. गोळीने पाणी थोडं जाईलही, प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ती गोळी कोणी घेत असेल तर ती गोष्ट वेगळी, ती आपल्या मनाने बंद करू नका.

मग सासूबाईंनी हात हातात घेतला. रोज रात्री तिळाचं तेल कोमट करून, दाबून दाबून, मनगटापासून खांद्यापर्यंत. वर गरम पाण्याची पिशवी. त्यांचं वय ७६, त्यांचेच हात संधिवाताने वाकडे झालेले, आणि त्या माझा हात रगडत होत्या. नको कसं म्हणणार? आठवड्यात हात आणखी फुगला, कोपराच्या आतली बाजू टणक लागू लागली. जोरकस मालीश आणि शेक या दोन्ही गोष्टी या हाताला चालत नाहीत. हे मी त्यांना पुढे जानेवारीत सांगितलं तेव्हा त्या दिवसभर बोलल्या नाहीत, संध्याकाळी फक्त तेलाची वाटी उचलून माळ्यावर ठेवली.

तिसरा फाटा फायलेरियाचा. पूर्व विदर्भात हत्तीरोग जुना आहे, घरोघरी गोळ्या खाऊ घालायला आरोग्य खात्याची माणसं येतात, आणि हात किंवा पाय सुजला की शेजारीपाजारी पहिला अंदाज तोच करतात. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी आरोग्यसेवकांना सांगितलं आणि ते ऑक्टोबरमधल्या एका रात्री साडेनऊला काचपट्ट्या घेऊन घरी आले. या तपासणीचं रक्त रात्रीच घेतात, कारण त्या जंतांची पिल्लं दिवसा आत फुप्फुसांत दडून असतात आणि रात्री, डास चावायच्या वेळेला, कातडीजवळच्या रक्तात येतात. बोटाला टोचायला त्यांनी उजवा हात मागितला. मी डावा पुढे केला. ऑपरेशनच्या वेळी सांगितलेलं तेवढं एक लक्षात होतं. अहवाल आला, काही नाही. गंमत अशी की अंदाज चुकीचा असला तरी घराणं तेच होतं. फायलेरियात जंत लसिकेच्या, म्हणजे अंगात झिरपलेलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या, नळ्या बिघडवतात, माझ्या बाबतीत सर्जनच्या सुरीने आणि किरणांनी ते काम केलं.

दिवाळीनंतर, २१ नोव्हेंबरला, नागपूरला नेहमीची तपासणी होती. तिथे मी शेवटी हात दाखवला. शेवटी म्हणजे निघताना, दाराशी. कारण तोपर्यंत "जीव वाचला ना, हाताचं काय घेऊन बसलीस" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की मीच ते स्वतःला म्हणू लागले होते. डॉक्टरांसमोर हाताची तक्रार म्हणजे कृतघ्नपणा वाटायचा. बाहेर चाळीस बाया बसलेल्या, कोणाच्या तोंडात फोड, कोणाला चालवत नाही, आणि मी सांगणार की बांगडी बसत नाही.

डॉक्टरांनी मात्र परत आत बोलावून बसवलं. बोटाने मनगटाच्या वर दहा सेकंद दाबलं, खळगा पडला आणि तसाच राहिला. मग ते जे बोलले त्याने पोटात गोळा आला. काखेची आणि गळ्याची सोनोग्राफी करू, हाताच्या शिरांचा डॉप्लर करू. म्हणजे रोग परत आलेला नाही आणि शिरेत रक्ताची गुठळी नाही हे आधी पाहायचं. ते बरोबरच होतं. ऑपरेशनच्या बाजूचा हात नव्याने सुजला तर घरगुती काहीही करण्याआधी हे दोन तपास व्हायला हवेत, आणि मी दोन महिने तेल चोळत बसले होते. तपासाची तारीख सहा दिवसांनी मिळाली. दोन्ही मिळून ३,४०० रुपये. ते सहा दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. अहवाल चांगले आले. कागदावर निदान पडलं, लिम्फेडेमा.

घरी येऊन ऑपरेशनची फाइल काढली. डिस्चार्जच्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत इंग्रजीत चार शब्द होते, त्यांचा अर्थ हाताची काळजी घेण्याचा सल्ला दिला आहे. मागे एक पत्रकही पिनेने लावलेलं, तेही इंग्रजीत. मी पदवीधर आहे, वाचता आलं असतं. तेव्हा फक्त बायोप्सीचा अहवाल वाचत होते, बाकीच्या कागदांना हात लावला नव्हता. दोष कोणाकोणाचा ते ठरवत बसण्यात अर्थ नाही, पण एवढं नक्की म्हणेन की ऑपरेशनच्या आधी दोन्ही हातांची मापं घेऊन फाइलला लावायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. माझी मूळ मापं कुठेच नसल्याने पुढे किती वाढलं हे डाव्या हाताशी तुलना करूनच काढावं लागलं, आणि उजवा तर कामाचा हात, तो मुळातच किंचित जाड असतो.

लिम्फेडेमाचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट सगळीकडे नसतात. नागपुरात एकीचं नाव मिळालं, वेळ मिळाली १९ डिसेंबरची. त्यांनी पहिला पाऊण तास हाताला हातही लावला नाही, नुसतं समजावलं. रक्तातून थोडं पाणी आणि प्रथिनं सतत बाहेर झिरपत असतात. ती गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे लसिकावाहिन्या, आणि काखेतल्या ग्रंथी हे त्यांच्या वाटेवरचे नाके. मी म्हटलं, म्हणजे तलावाखालच्या बांध्यांसारखं, धानाच्या वाफ्यांसारखं. आमच्याकडे धानाची शेती आहे. बांधीतलं जास्तीचं पाणी पुढे जायची तोंडं बुजली की ते तिथेच तुंबतं, धुऱ्यातून, म्हणजे बांधातून, पाझरतं, आणि फार दिवस राहिलं की गाळ बसतो. "गाळ" हा शब्द मॅडमना फार आवडला. सुरुवातीला हात उंच ठेवला की सूज उतरते, ती पहिली पायरी. मग गाळ बसतो, म्हणजे कातडीखाली तंतू आणि चरबी साठते, हात टणक होतो आणि उंच ठेवून उतरत नाही. मी दुसऱ्या पायरीच्या तोंडाशी होते. सप्टेंबरात बहुधा पहिलीवर होते.

काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढलेल्या साधारण पाच बायांमध्ये एकीला हे होतं, असं त्या म्हणाल्या. पहिल्या एक-दोन ग्रंथी तपासून बाकीच्या ठेवल्या तर प्रमाण बरंच कमी, शंभरात पाच-सहा. वरून रेडिएशन, वाढलेलं वजन किंवा हाताला झालेला संसर्ग यांनी शक्यता वाढते. माझं वजन केमोत नऊ किलोंनी वाढलं होतं. आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे पूर्ण बरं होत नाही, आटोक्यात राहतं. मला रडू आलं. केमोच्या वेळीही इतकी रडले नव्हते. त्यांनी पाणी दिलं, घाई केली नाही.

मग टेप काढला. पंजा, मनगट, आणि मनगटापासून वर दर दहा सेंटिमीटरवर खूण. पंजाला १.५ सेंमीचा फरक, वीस सेंटिमीटरवर, म्हणजे कोपराच्या जरा खाली, ३.४. साधारण दोन सेंटिमीटरच्या वर फरक गेला की दखल घेतात. कासारदादांचं निदान पंजावरचं होतं, खरी सूज वर कोपराजवळ होती.

उपचार असा ठरला: आठवड्याचे पाच दिवस, तीन आठवडे. रोज आधी हलक्या हाताने निचरा, मग थरांच्या पट्ट्या, त्या पट्ट्यांसकट व्यायाम, आणि कातडीची निगा. आता प्रश्न रजेचा. आजारपणात माझी बहुतेक रजा संपली होती. परिवर्तित रजा शिल्लक होती, तिला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्रावर "हाताची सूज" असं लिहून चालत नाही हे मला अर्ज एकदा परत आल्यावर कळलं. निदानाचं पूर्ण नाव, उपचाराचा कालावधी तारखांसह आणि "रोज हजेरी आवश्यक" हे शब्द लिहून घ्या. हजर होताना फिटनेसचं प्रमाणपत्र वेगळं. ८ जानेवारी २०२४ पासून रजा मंजूर झाली आणि मी नागपूरला भावाकडे मुक्कामाला गेले.

तो निचरा पहिल्या दिवशी पाहून मला वाटलं, फसवणूक आहे. एवढे पैसे घेऊन बाई नुसता हात फिरवताहेत. मांजराच्या पाठीवरून फिरवतो तितका हलका. आणि तोही हातावर नाहीच, आधी मानेपाशी, मग डाव्या काखेत, मग उजव्या जांघेत. हाताची पाळी शेवटी, तीही दंडापासून खाली. पण बांधीचं गणित आठवलं की पटतं. खालचं पाणी सोडण्याआधी वरची वाट मोकळी करायची, आणि ज्या बाजूचे नाके शाबूत आहेत तिकडे वळवायचं. नळ्या अगदी कातडीलगत असतात, जोर लावला तर त्या दबतात. सुरुवातीला पोट फुगवून पाच खोल श्वास घ्यायचे. छातीतली मोठी नळी त्याने हलते.

पट्ट्यांचं प्रकरण मोठं. आधी सुती मोज्यासारखी बाही, मग प्रत्येक बोटाला वेगळी पातळ पट्टी, मग कापसाचा किंवा फोमचा थर, आणि त्यावर तीन-चार रुंदींच्या कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या, बोटांकडे घट्ट आणि वर जाता जाता सैल. औषधाच्या दुकानात मिळतं ते क्रेप बँडेज इथे उपयोगाचं नाही. ते रबरासारखं ताणतं, म्हणून हात स्वस्थ असतानाही आवळत राहतं आणि हलवला की स्वतःच सैल होतं. आपल्याला उलट हवं असतं. स्वस्थ असताना त्रास नको, आणि स्नायू फुगला की समोर भिंत लागावी, म्हणजे मधलं पाणी पिळून वर चढेल. म्हणून पट्ट्या बांधून हात लटकवून बसायचं नसतं. वहिनी मला मुद्दाम चपात्या लाटायला द्यायची.

त्या पट्ट्या दिवसाचे बावीस तास. आंघोळ प्लॅस्टिकची पिशवी बांधून. स्वतःचे केस विंचरता येत नव्हते, ते भाची विंचरायची, जे काय होते ते. तिसऱ्या रात्री बोटं मुंग्या येऊन निळसर वाटली. मी घाबरून सगळं सोडलं आणि सकाळी रागावणी खायची तयारी करून गेले. मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर केलंत, बोटांचा रंग बदलला किंवा बधिर झाली की सोडायचंच. चौथ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा हाताच्या कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या. आयुष्यात सुरकुत्या पाहून मी पहिल्यांदा खूश झाले.

पंधरा दिवसांनी ३.४ चे १.४ झाले होते. स्लीव्ह, म्हणजे दाबाची बाही, सूज उतरल्यावरच मापायची असते, तीही सकाळी. सुजलेल्या हाताला घेतली तर आठवड्यात ढिली होते. माझी दुसऱ्या वर्गाच्या दाबाची आहे. पंजालाही सूज असल्याने वेगळा हातमोजा, बोटं उघडी असलेला. तयार मापाची देशी बाही २,३००, अशा दोन घेतल्या, एक धुवायला एक घालायला, हातमोजा ९००. पट्ट्यांचा संच ५,४००. पंधरा दिवसांची फी रोजचे ७०० प्रमाणे १०,५००. एकूण २१,४०० रुपये. बाहीचा दाब सहा महिन्यांत ओसरतो, मग नवी. हा खर्च कायमचा आहे, तो घरच्या हिशेबात धरून चाला.

बाही घालायला सकाळी दहा मिनिटं लागायची. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून सरकवली की दोन मिनिटांत जाते, हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझी नखं वाचली असती. वरचं टोक दुमडायचं नाही, तिथे दुप्पट दाब पडून दोरी बांधल्यासारखं होतं. रोज साध्या साबणाने धुवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. रात्री काढून ठेवते. हात फार भरला असेल त्या रात्री स्वतः पट्ट्या बांधते. डाव्या हाताने बांधायला शिकायला मला दोन महिने लागले आणि अजूनही मॅडमच्या बांधणीसमोर माझी म्हणजे पोतं शिवल्यासारखी दिसते.

शाळेत गेले तेव्हा तिसरीच्या मुलांनी विचारलं, "मॅडम, हात मोडला काय?" मी सांगितलं, आतली नाली तुंबली आहे. एवढं त्यांना पुरलं. तारीख, वार, सुविचार लिहायच्या पाळ्या मुलांना लावून दिल्या. त्यांचं अक्षर सुधारलं, माझा हात वाचला.

एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेची निवडणूक आली आणि मला आदेश निघाला. यंत्रांच्या पेट्या उचलणं, रात्रभर मुक्काम, हे हाताला झेपणार नव्हतं, म्हणून सूट मिळावी असा अर्ज केला. खिडकीवरच्या माणसाने माझ्याकडे पाहून विचारलं, "सही करता येते ना?" येते. मग अर्ज बाजूला. वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र हवं होतं आणि मंडळ बसायला आठवडा होता, तोवर दुसरं प्रशिक्षण उरकलं असतं. शेवटी मतदान अधिकारी क्रमांक एक म्हणून गेले, यादीवर खुणा करायचं काम, आणि पेट्या सोबतच्या दोन सरांनी एक शब्द न बोलता उचलल्या. तुम्ही शिक्षिका असाल तर आदेशाची वाट पाहू नका. निवडणूक जाहीर झाली की लगेच प्रमाणपत्राच्या मागे लागा.

उन्हाळ्याबद्दल पुस्तकी माहितीत एवढंच असतं की उष्णता टाळा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो. टाळायचं म्हणजे कुठे जायचं? मी केलं ते असं. बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत. दुपारी कूलरसमोर, आणि बाहीवर मधून मधून ओला पंचा. सरगुंडे आणि कुरडया त्या वर्षी जावेने केल्या, मी नुसती राखणीला. वाळवणाच्या उन्हात तासभर बसले तरी संध्याकाळी टेपवर अर्धा सेंटिमीटर दिसायचा. बाही काढून ठेवण्याचा मोह दररोज व्हायचा आणि दोनदा मी तो पाळलाही. दोन्ही वेळा फरक भरून यायला तीन-चार दिवस लागले.

जूनमध्ये मात्र मोठी चूक केली. लोणच्याच्या कैऱ्या फोडताना उजव्या तर्जनीला विळी लागली. एवढीशी. हळद भरली आणि विसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली, संध्याकाळी १०३ ताप, आणि मनगटापासून दंडापर्यंत लाल, तापलेला, चमकणारा हात. याला सेल्युलायटिस म्हणतात. साठलेल्या पाण्यात जंतू भराभर वाढतात, आणि लढणाऱ्या पेशींची वाटही तीच बंद असते. यांनी रात्रीच गाडी काढली. चार दिवस भरती, शिरेतून प्रतिजैविकं, २६,००० रुपये. आणि संसर्गाने उरल्यासुरल्या नळ्या खराब होतात, म्हणून माझे १.४ चे २.३ झाले, ते खाली आणायला पावसाळा गेला. आता कापलं, खरचटलं, भाजलं, डास चावून खाजवलं, तर साबणाने धुऊन लगेच जंतुनाशक मलम. स्वयंपाकघरात डब्यावर एक ट्यूब कायम असते. लाली आणि ताप दिसला तर सकाळची वाट पाहायची नाही. अशा वेळी पट्टी-बाही काढून ठेवायची आणि मालीश, निचरा सगळं बंद.

जड उचलण्याबद्दल माझा गैरसमज मोठा होता. मी वर्षभर पाण्याची बादलीही डाव्या हाताने उचलत होते, आणि उजवा खांदा आखडून गेला होता. मॅडमनी अमेरिकेतल्या २००९ सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. लिम्फेडेमा असलेल्या १४१ जणींपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. हात वाढले नाहीत, उलट सूज उसळण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले आणि ताकद वाढली. मी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने सुरुवात केली, बाही घालून. आता दोन किलोवर आहे. एकदम गव्हाचं पोतं ओढणं आणि रोज थोडं वाढवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तसंच रक्तदाब आणि सुईचं. शक्यतो डावा हात देते, पण एकदा चुकून उजव्यावर दाब मोजला गेला म्हणून रात्रभर जागायची गरज नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं.

बांगड्यांचं सांगायचं राहिलं. त्या हातात घट्ट काही नको आणि काचेचं तर नकोच, फुटली की जखम. सासूबाईंना मोकळा हात बघवेना. तोड अशी निघाली की उजव्या हातात त्यांची एक जुनी पाटली, सैल, सणापुरती. काचेचा डझन डाव्यात. कासारदादा आता अर्धाच भाव लावतात आणि दरवेळी उजवा हात पाहायला मागतात.

दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी बाही घालायच्या आधी, टेप लावते. शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकात लिहून ठेवते, डावा-उजवा. या महिन्यात, ऑक्टोबर २०२५, फरक १.६. वजन सहा किलोंनी उतरलं आहे, त्याचाही हात असावा.

आणि बिलांची फाइल. उपचाराचं आणि भरतीचं मिळून वैद्यकीय देयक मी ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतून पाठवलं. मूळ बिलं, प्रत्येकावर डॉक्टरांची सही-शिक्का, डिस्चार्ज कार्ड, प्रमाणपत्रं, सगळ्याच्या दोन प्रती माझ्याकडे ठेवून. आधी शाळांचं केंद्र, पंचायत समिती, मग पडताळणीसाठी जिल्ह्याला. फेब्रुवारीत त्रुटीपत्र आलं. "कॉम्प्रेशन स्लीव्ह ही बाब औषध, उपकरण की वस्त्र, याबाबत खुलासा सादर करावा." मी खुलासा लिहिला, सर्जनचं पत्र जोडलं आणि स्वतः घेऊन गेले. टेबलावरच्या बाबूंनी माझ्या हाताकडे पाहिलं, "हेच का ते?" म्हणून बाहीचा कापड दोन बोटांत धरून पाहिला, आणि म्हणाले, कापडच वाटते पण मॅडम. मग पत्रावर आवक क्रमांक टाकून दिला. गेल्या आठवड्यात चौकशी केली, फाइल अजून त्याच टेबलावर आहे. दरम्यान त्या बाहीचा दाब केव्हाच संपला, तिसरी जोडी चालू आहे, आणि तिचीही बिलं मी त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवते आहे.